तीन मिनिटं छत्तीस सेकंद

एकवीसच्या पुरानंतर आबाने सॅक्सोफोनची पेटी बंद केली ती चार वर्षं उघडली नाही. आबा म्हणजे माझा बाप, महादू, कापड्याच्या बुद्धवाडीतला, वय शहात्तर. समता ब्रास बँडमध्ये त्याने पन्नास वर्षं टेनर सॅक्सोफोन वाजवला. महाड-पोलादपुरात निम्मे लोक त्या वाद्याला मोठी चिलीम म्हणायचे आणि वाजवणाऱ्याला बाजेवाला. बाजेवाल्याने वरातीत पुढे चालायचं आणि जेवणाला मागे बसायचं, मांडवाच्या बाहेर, जनरेटरच्या धुरात. मीही बसले आहे. मी शर्मिला, पोलादपूरला एका शाळेत कारकून आणि लग्नसराईत बँडमधला दुसरा टेनर. बाई वाजवते म्हणून लोक माझं फोनवर शूटिंग करतात आणि जेवायच्या वेळी कागदी ताट त्याच जनरेटरपाशी आणून ठेवतात.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढची गोष्ट सुखाची आहे आणि सुखाचं सांगताना राग विसरायची सवय मी लावून घेतलेली नाही.

फेब्रुवारीत तुडीलहून रुकय्याचाचीचा निरोप आला. तिच्या नातीची, तसनीमची हळद मे महिन्यात होती. चाचीला बँड नको होता, डीजे तर नकोच होता. तिला एकटा महादू हवा होता. त्याने अंगणात बसून मुश्ताकचं गाणं वाजवायचं. आख्खं, मधल्यासकट. मुश्ताक म्हणजे तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी वारला. तसनीम पाळण्यात असतानाच त्याने हे ठरवून ठेवलं होतं आणि आबाने तेव्हा हो म्हटलं होतं.

निरोप घेऊन मुश्ताकचाचाचा मुलगा इरशाद आला होता. त्याचे दोन टेम्पो बिरवाडीच्या कारखान्यांत माल पोचवतात. आबाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायला लावला आणि मग म्हणाला, "मधलं गेलं रे इरशाद. सुरुवात हाय, शेवट हाय. मधलं पाण्यात गेलं."

मधलं म्हणजे काय ते सांगते.

मुश्ताकचाचा आधी टेम्पोवर होता आणि आमच्या बँडला लग्नाला नेणं-आणणं त्याच्याकडे असायचं. आबाची आणि त्याची दोस्ती तिथली. शहात्तर साली तो दम्मामला गेला, ट्रेलर चालवायला. पाच वर्षांनी आला तेव्हा लोक सोनं आणि कापड आणत होते, आणि याने आणला एक रेकॉर्ड प्लेयर, अकरा तबकड्या आणि विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. कुणी अमेरिकन इंजिनिअर क्वार्टर खाली करून मायदेशी चालला होता, त्याने जाताना याच्या हातात ठेवलं. तबकड्या सगळ्या टेनर सॅक्सोफोनवाल्यांच्या. चाळीस-पन्नासच्या सालातलं वाजवणं, तिकडच्या कंपन्यांनी पुढे पुन्हा काढलेलं. मुश्ताकचाचाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कव्हरावर महादूच्या हातातलं वाद्य दिसलं, म्हणून त्याने ते ओझं समुद्र ओलांडून आणलं.

मग दर शुक्रवारी, नमाज आटोपून चाचा घरी आला की, आबा एसटी बदलत बदलत तुडीलला पोचायचा. दोघे जमिनीवर बसायचे. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचा, तबकडी फिरायची. रुकय्याचाची भाकरी आणि सुकट पुढे ठेवायची आणि म्हणायची, यापेक्षा दोघांनी पत्ते खेळले असते तर शेजाऱ्यांना तरी झोप लागली असती.

तबकड्यांवरची नावं वाचता येत नव्हती, म्हणून दोघांनी आपली ठेवली. एक होता जाड्या, त्याचा सूर म्हशीच्या तुपासारखा. एक होता फुंकऱ्या. त्याच्या प्रत्येक सुरानंतर फुस्स करून हवा ऐकू यायची, आणि आबाची खात्री होती की बिचाऱ्याचे भोकांवरचे पॅड गळतात आणि बदलून द्यायला त्याला कुणी नाही. आणि एक होता तिरका. फोटोत त्या काळ्या माणसाने वाद्य आडवं धरलेलं, बासरी धरावं तसं. तो आबाचा गुरू. हिरव्या कव्हरच्या तबकडीवर, दुसऱ्या बाजूला, तिसरं गाणं. चाल साधी, कुणालाही गुणगुणता येईल अशी. एकदा चाल होते, मग तिरका ती सोडून स्वतःच्या मनाने दोन फेऱ्या हिंडतो, कुठून कुठे जातो आणि शेवटी पुन्हा चालीवर येतो. ते हिंडणं म्हणजे मधलं. आबाने ते मधलं सुरासुराने उचललं. सहा वर्षं लागली. समता बँड जिथे गेला तिथे ते गाणं वाजलं, आणि लोक त्याला मुश्ताकचं गाणं म्हणत.

मुश्ताकचाचाकडे गल्फचं कॅसिओ घड्याळ होतं, स्टॉपवॉचवालं. त्या स्टॉपवॉचचं त्याला इतकं कौतुक होतं की त्याने अकराच्या अकरा तबकड्यांवरचं प्रत्येक गाणं मोजलं आणि आबाला वहीत लिहून घ्यायला लावलं. कव्हरावरची इंग्रजी अक्षरं त्याने स्वतः चित्र काढावं तशी वहीत उतरवली. तिरक्याचं गाणं तीन मिनिटं छत्तीस सेकंद.

आणखी एक सांगायचं राहिलं. रुकय्याचाचीने एकदा हौसेने मुंबईहून कव्वालीची रेकॉर्ड मागवली होती. लावली तर गाणारा आठ दिवस तापाने पडल्यासारखा गायला लागला. मुश्ताकचाचाने मुंबईला जाऊन दुकानदाराशी भांडण केलं, तो म्हणे माल बरोबर आहे, चाचा म्हणे खराब आहे. शेवटी चाचीने ती रेकॉर्ड भिंतीवर लटकवली आणि त्या दुकानदाराला ती पुढे चाळीस वर्षं शिव्या देत राहिली. अमेरिकन तबकड्या झकास वाजतात, आपल्याच लोकांचा माल नासका, असं तेव्हा सगळ्यांचं मत झालं. माझंही. त्या अकरा तबकड्यांवर गाणारा माणूस एकही नव्हता. असता तर एका मिनिटात सगळं कळलं असतं.

पुरात सावित्री नदी मुश्ताकच्या घरात छातीएवढी शिरली. तबकड्यांची लाकडी पेटी तरंगत दारातून बाहेर गेली ती गेलीच. आबाने वहीत चालीचे सूर लिहिले होते, मधलं कधी लिहिलं नाही. म्हणायचा, हे लिहायचं नसतं, ऐकायचं असतं. विसरला की तुडीलला जाऊन ऐकून यायचा. आता ऐकायला काही उरलं नव्हतं. मलाही त्याने मधलं शिकवलं नव्हतं. मी सत्तावीस वर्षं त्याच्या बाजूला उभी राहून खालचे लांब सूर धरत आले. विचारलं तर म्हणायचा, तुझा दम पुरायचा नाय. माझा दम. मी बेचाळीस किलोची असताना महाडच्या शिवाजी चौकापासून स्टँडपर्यंत न थांबता वाजवत आले आहे. तो राग वेगळा ठेवते.

इरशाद गेल्यावर मी वही काढली आणि मुश्ताकचाचाने चितारलेली अक्षरं फोनमध्ये टाकली. गाणं लगेच सापडलं. पण लावलं आणि आबाने कान झाकले. सूर वरचा, वेग भलताच. म्हणाला, हे कुणीतरी पळवलंय. त्यात त्याची चूक नव्हती. हल्ली फोनवर रील बनवणारी पोरं भीमगीतंसुद्धा पळवतात, बाबासाहेबांच्या नावावर बाहुल्या बोलल्यासारखं वाटतं. तेव्हा फोनवर विश्वास नको, खरी तबकडीच मागवू असं मी ठरवलं. लंडनच्या एका कंपनीने तिरक्याचं सगळं वाजवणं नव्याने साफ करून चार सीड्यांच्या डब्यात काढलं होतं. डबा पाच आठवड्यांनी कापड्यात आला. पोस्टमनने विचारलं, गो शर्मिले, औषध हाय का? मी म्हटलं, औषधच.

इरशादने जुना डीव्हीडी प्लेयर आणून दिला. आई, म्हणजे काशीबाई, तांदूळ निवडत होती, तिनेही सूप बाजूला ठेवलं. सीडी लावली. पुन्हा तेच. वरचा सूर, पळता वेग. आबा उठला आणि पडवीत जाऊन बसला.

"हा तिरका नाय," तो म्हणाला. "ह्याच्या मागं कुणीतरी लागलंय."

मी डब्यातली पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली. तिथे चक्क छापलं होतं की जुन्या तबकड्यांचा सूर आणि वेग आम्ही दुरुस्त केला आहे. म्हणजे कबुलीच. आबाला वाचून दाखवलं तर त्याला आनंद झाला. बघ, म्हणाला, त्यांनीच छेडलाय. माझं डोकं सणकलं. साहेबलोकांनी आधी एका काळ्या माणसाचं वाजवणं विकलं, मग पुन्हा काढून विकलं, आणि आता तिसऱ्यांदा विकताना त्याचा सूरसुद्धा बदलला, आणि वर त्याला दुरुस्ती म्हणतात. दुरुस्त करायला तो काय मोडला होता?

अर्ज लिहिणं हा माझा धंदा आहे. शाळेतली अर्धी पत्रं मी लिहिते आणि साहेब सही करतात. त्या संध्याकाळी मी लंडनला अर्ज केला. विषय: आपण पुनःप्रसिद्ध केलेल्या सीडीवरील गाण्याचा वेग विनापरवानगी वाढविल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की माझे वडील हे गाणे सन एक्क्याऐंशीपासून ऐकत आहेत. ते तीन मिनिटे छत्तीस सेकंदांचे असून आपण ते तीन मिनिटांत संपविले आहे. छत्तीस सेकंद कोठे गेले याचा खुलासा करावा. खाली पुरावा म्हणून वहीतली आणखी तीन गाणी त्यांच्या वेळेसकट दिली, आणि शेवटी हेही लिहिलं की ज्याला सॅक्सोफोन फुंकता येत नाही त्याने फुंकणाऱ्याला दुरुस्त करू नये. फोनने इंग्रजी करून दिलं. धार कमी झाली असेल असं वाटून मी दोन वाक्यं परत घातली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. कंपनीत एक म्हातारा होता, सगळ्या तबकड्या स्वतःच्या हाताने साफ करणारा. माझ्या पत्रातल्या शिव्यांबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नाही. वेळ इतकी नीट मोजणाऱ्या माणसाचे आभार मानले. मग लिहिलं, की तुमची चार गाणी आणि माझी चार गाणी मी शेजारी शेजारी मांडली. तीन-छत्तीसला तीन. तीन-बाराला दोन-चाळीस. तीनला अडीच. साडेतीनला दोन-पंचावन्न. प्रत्येक ठिकाणी सहाला पाच, सेकंदाचाही फरक नाही. माणूस छेडछाड करतो तेव्हा इतकी सारखी करत नाही. तुमचं यंत्र अमेरिकेचं होतं का? तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, तुमच्याकडे पन्नास. जुन्या प्लेयरची मोटर त्या हेलकाव्यांवर चालते. ट्रान्सफॉर्मर विजेचा जोर बदलतो, हेलकावे बदलत नाही. यंत्राच्या खाली आकड्यांची पट्टी असेल, ती वाचा.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचलं नाही, कारण कळलं होतं.

रविवारी तुडीलला गेले. प्लेयर चाचीच्या माळ्यावर होता, पुराच्या चिखलासकट. फेकवत नव्हता म्हणून ठेवलेला. इरशादने तो उलटा केला, मी ओल्या फडक्याने पुसला. चिखलाखालून पट्टी निघाली. साठ.

इरशादने अंगठ्याने तो आकडा पुन्हा घासला. मग म्हणाला, "म्हणजे अब्बा चाळीस वर्षं हळू ऐकत होते?"

"सगळेच," मी म्हटलं. "हळू, आणि सूरही तीन पट्ट्या खाली."

रुकय्याचाची खाटेवर बसून सगळं ऐकत होती. तिला हेलकावे-बिलकावे समजावण्यात इरशादचा दम गेला. पण तिने एकदम भिंतीकडे बघितलं, जिथे पुराच्या आधी ती कव्वालीची रेकॉर्ड लटकलेली असायची, आणि तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"या अल्ला," ती म्हणाली. "त्या दुकानदाराचा माल बरोबर होता गो. त्याला किती बोलले मी. माझ्या नवऱ्याने त्याची गचांडी धरली होती."

मग तिने इरशादला सांगितलं की लग्न झालं की मुंबईला जाऊन त्या दुकानदाराच्या मुलाबाळांना शोध आणि तसनीमच्या लग्नाची मिठाई देऊन ये. इरशाद म्हणाला, दुकानाचं नाव? ते कुणालाच आठवत नव्हतं.

कव्वालीवर हसणं सोपं होतं. पण घरी शहात्तर वर्षांचा माणूस होता आणि त्याच्याकडे दाखवायला आयुष्यात ती एकच गोष्ट होती. माझा आजा गावकीचं वाजवायचा, म्हणजे त्याला वाजवावं लागायचं. गावात मेलं की वाजव, लगीन निघालं की वाजव, आणि भाकरीचा तुकडा लांबून घे. धर्म बदलला त्या वर्षी त्याने आपला ढोल ओढ्यात टाकला. बारा वर्षांनी त्याचा मुलगा मुंबईहून जुनं पितळी धूड घेऊन आला, तेव्हा आजा त्याच्याशी दोन वर्षं बोलला नाही. आबाने त्याला एवढंच सांगितलं होतं, हे हुकमाचं नाय, हे सुपारीचं हाय. सुपारी घेतली तर वाजवीन, नाय घेतली तर घरी बसेन. पण नुसत्या सुपारीने त्याचं मन भरलं नसतं. ते भरलं तिरक्यामुळे. समुद्रापलीकडचा एक काळा माणूस जे वाजवतो ते मी जसंच्या तसं वाजवतो, याच्यावर तो ताठ चालायचा. आणि मी त्याला सांगणार होते की जसंच्या तसं नव्हतं.

आई म्हणाली, सांगू नको, हळद होऊ दे. पण मला पोटात ठेवता येत नाही, आणि बापाला फसवून वाजवायला बसवणं मला जमणार नव्हतं. सकाळी तो पडवीत दाढी करत होता. मी समोर बसले आणि पत्र, पट्टी, साठ, पन्नास, सगळं सांगितलं. त्याने अर्धी दाढी तशीच ठेवली.

"म्हणजे सीडीवरचा खरा?"

"हो."

"आणि मी वाजवला तो?"

"तोही तिरकाच. पण यंत्राने जड केलेला."

त्याने तोंड धुतलं आणि खाली शेताकडे गेला. जेवायला आला नाही. ऊन कलल्यावर तो आला, अर्ध्या दाढीचाच, आणि म्हणाला, लाव. मी विचारलं, काय? म्हणाला, तो खरा. पळणारा.

सीडी लावली. या वेळी त्याने कान झाकले नाहीत. तीन मिनिटं बसून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याची बोटं मांडीवर हलायला लागली, आणि मागे पडली, आणि तो हसला.

"एवढ्या जोरात वाजवीत होता भडवा," तो म्हणाला. आवाजात असा मान मी त्याच्या तोंडून कुणासाठी ऐकला नाही. "शर्मिले, हा मला असा पहिल्या दिवशी भेटला असता ना, तर मी याच्या वाटेलाच गेलो नसतो. म्हटलं असतं, हे आपलं काम नाय. हळू भेटला म्हणून उचलला."

मग कारागिराला सुचावं तसं त्याला एक एक सुचत गेलं. चाळीस वर्षं क्लॅरिनेटवाले कुरकुरत होते, की सगळी गाणी आपण काळी पाचमध्ये धरतो, बोटं सरळ पडतात, मग महादू हे एकच गाणं पांढरी पाचमध्ये का वाजवतो, बोटं वाकडी होतात. आबा त्यांना म्हणायचा, गुरूची पट्टी आहे, बदलणार नाही. आता कळलं की गुरूही सरळ काळी पाचमध्येच वाजवत होता. आणि तिरक्याच्या सुराशी जुळायला आबा माउथपीस, म्हणजे फुंकायचं टोक, जरा बाहेर ओढून ठेवायचा, त्याने सूर किंचित उतरायचा. नळीच्या बुचावर त्या जागी रेघ पडली होती. ती रेघही त्या पन्नास हेलकाव्यांची. क्लॅरिनेटवाला कुशाबा आता असता तर त्याला सांगितलं असतं, असं आबा दोनदा म्हणाला. कुशाबाचं बरोबर होतं हे आमच्या घरात पहिल्यांदाच कबूल झालं.

पुढचं सोपं होतं. इरशादने फोनवर एक ॲप टाकून दिलं, त्यात वेग आणि सूर दोन्ही एकत्र खाली आणता येतात. सहाला पाच. मी फोन आबाच्या कानाशी धरला. दोन सूर वाजले आणि त्याने डोळे मिटले.

"हा," तो म्हणाला. "आला घरी."

त्याने पेटी उघडली. चार वर्षांत पॅड वाळले होते, एक रीड चिरली होती, स्प्रिंग गंजली होती. दोन दिवस आम्ही दोघं वाटीत गोडेतेल घेऊन बसलो होतो. पहिल्या फुंकीला आवाज आला तो फुंकऱ्यासारखा, निम्मी हवा. आबा म्हणाला, आता कळलं बिचाऱ्याचं दुःख. आणि मधलं परत यायला लागलं. रोज थोडं. काही बोटांत आधीपासून होतंच, फक्त कुठून वळायचं ते हरवलं होतं. शाळेतून मी यायची तेव्हा वाडीच्या खालच्या वळणावरच ऐकू यायचं की आज कुठपर्यंत पोचला. बनुबाई शेजारीण विचारायची, म्हाताऱ्याला झालंय काय? आई सांगायची, चार वर्षं गप होता, आता व्याजासकट चाललंय.

हळदीला आम्ही दुपारीच तुडीलला पोचलो. आबाने बँडचा लाल कोट घातला नाही. पांढरा शर्ट घातला, इस्त्रीचा. अंगणात मांडव, मागे सावित्री, उन्हाने आटलेली, अगदी गरीब दिसणारी. नातेवाइकांत दोघा-चौघांनी वाद्य बघून नाकं मुरडली. रुकय्याचाची त्यांना म्हणाली, माझ्या घरात माझ्या नवऱ्याचा शब्द चालतो, मेला तरी. आधी जेवण वाढलं. आबाचं आणि माझं पान तिने मांडवाच्या आत, स्वतःच्या शेजारी मांडलं होतं. जनरेटर कुठे होता ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

मग तसनीम पिवळी होऊन पाटावर बसली आणि आबा खुर्चीवर. इरशादने खिशातून बापाचं कॅसिओ काढलं, नवीन सेल घातलेलं. आबाने माउथपीस रेघेवर आणला, माझ्याकडे बघितलं, आणि मी खालचा सूर धरला.

चाल झाली. आणि मधलं सुरू झालं.

मी त्याच्या बाजूला सत्तावीस वर्षं उभी राहिले आहे, मला माहीत आहे तो कुठे श्वास घेतो. दुसऱ्या फेरीत एका ठिकाणी तो चुकला. सीडीत तिरका तिथे वर जातो, आबा खाली गेला. पण तो थांबला नाही, खालच्या खालीच दोन पावलं चालला, जाड, निवांत, आणि अशा जागेवरून वर आला की ती वाट तिरक्याला ठाऊक असती तर त्याने तीच घेतली असती. हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. टेनर वाजवणारी म्हणून म्हणते. तसनीमच्या गालावर हळद लावणाऱ्या बायकांचे हात हळू झाले होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हळदीचे हात होते.

चाल परत आली, गाणं संपलं. इरशादने घड्याळ वर धरलं.

"तीन एकेचाळीस," तो म्हणाला. "पाच सेकंद जास्त, महादूचाचा."

रुकय्याचाचीने त्याला गप केलं. "हळदीला कोण घाई करतं?" ती म्हणाली, आणि आबाला, "असाच होता. मुश्ताक ऐकायचा तो असाच." मग तिने डोळे पुसले आणि आइस्क्रीम कुठे राहिलं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पडवीत आले तर आबा वाद्य मांडीवर घेऊन बसला होता. वाटलं, पुसून पेटीत ठेवतो आहे. त्याने माउथपीस धरला, जरा थुंकी लावली आणि रेघेच्या आत ढकलला, चाळीस वर्षांत गेला नव्हता तिथपर्यंत. एक सूर काढून बघितला. मान हलवली. मग पट्टा गळ्यातून काढून माझ्यासमोर धरला.

"काळी पाच," तो म्हणाला. "खरा वेग. माझी बोटं नाय धावायची आता."

"माझा दम पुरायचा नाही ना?" मी विचारलं. सोडते कशाला.

त्याने माझ्या हातातला चहा घेऊन खाली ठेवला. "ते मी चुकीचं सांगत होतो," म्हणाला. "तुला दिलं असतं तर माझ्याकडं काय राहिलं असतं?"

मी पट्टा गळ्यात घातला. त्याने फोन उचलला, चष्मा नाकावर घेतला आणि ॲपमधला आकडा वर वर सरकवत नेला. आईने आतून विचारलं की आता हे रोज दोन वेळा ऐकायचं का. आबा म्हणाला, हो, एकदा हळू आणि एकदा जोरात. आणि मला म्हणाला, चालीत वेळ घालवू नको, थेट मधल्याला हात घाल.